साहेबांना उठवायचं का?

रात्री दोन ते पाच या वेळात पोलीस ठाण्यात एकच प्रश्न खरा असतो, असं माझे मामा म्हणतात: साहेबांना उठवायचं का? दारू पिऊन आलेला नवरा, बांधावरून झालेली डोकेफोड, चोरीला गेलेली म्हैस, या सगळ्याची उत्तरं ठाणे अंमलदाराच्या हाताखालून रोज जातात. डायरीला नोंद घ्यायची, जखमीला यादी देऊन दवाखान्यात पाठवायचं, बाकीच्यांना सकाळी या म्हणायचं. अडचण येते ती हे प्रकरण आपल्या आवाक्यातलं आहे की नाही हेच कळत नसतं तेव्हा. उठवलं आणि काहीच नसलं, तर महिनाभर शिव्या. नाही उठवलं आणि काही असलं, तर चौकशी. मामांच्या मते पोलीस खात्यातल्या निम्म्या बदल्या या एका प्रश्नाच्या चुकीच्या उत्तरानं झालेल्या आहेत. खात्याचा हिशेब काही असो, मामांचा असा आहे.

मामा हवालदार म्हणून निवृत्त झाले. नोकरीची बहुतेक वर्षं जुन्या उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यात गेली, आणि त्यातली बरीचशी ठाण्यातल्या वायरलेस सेटपुढं. त्यामुळं त्यांच्या गोष्टींत पाठलाग नाहीत, गोळीबार नाही. निरोप आहेत. कोणता निरोप कुणाला दिला, तो वर किती वेळात पोचला, मधे कुणी अडवला. लहानपणी मला त्या गोष्टी कंटाळवाण्या वाटायच्या. आत्याकडे पुण्याला गेलं की पुराच्या गोष्टी मिळत, त्यात निदान वाहून जाणारी कपाटं असत. मामांच्या गोष्टीत फार तर बॅटरी उतरायची.

ती बॅटरी मात्र त्यांनी एकदा मला दाखवली होती. सेटच्या टेबलाखाली जीपची असते तशी बारा व्होल्टची बॅटरी, टोकांवर पांढरा फुलोरा साचलेला. दर सोमवारी तो गरम पाण्यानं धुवायचा, वर व्हॅसलीन चोपडायचं. वीज गेली तरी ठाणं मुकं होता कामा नये म्हणून. तालुक्याला तेव्हा वीज जाणं म्हणजे नवल नव्हतं, वीज असणं हे नवल होतं.

निरोप वर चढायचे त्या दोन शिड्या होत्या, आजही आहेत. एक पोलिसांची: गावात पोलीस पाटील, मग दूरक्षेत्र, मग ठाणं, मग डीवायएसपी, एसपी, रेंज आणि शेवटी मुंबई. दुसरी महसुलाची: तलाठी, तहसीलदार, प्रांत, कलेक्टर. एकच बातमी दोन्ही शिड्यांनी चढते आणि दोन्हीकडे तिचं रूप वेगळं होतं. तलाठ्याच्या कागदावर ती घरांची पडझड असते, पोलिसांच्या कागदावर मयत आणि जखमी. पूर, आग, भूकंप आला की धनी कलेक्टर. पण जागेवर पहिला पोचतो तो पोलीस, कारण रात्री तीन वाजता उघडं असणारं सरकारी दार तेवढंच. महाराष्ट्र ग्राम पोलीस अधिनियम 1967 सालचा. त्यानं पोलीस पाटलाला गावात काही वावगं घडलं की ठाण्याला वर्दी देण्याचं काम दिलं. मामा या पोलीस पाटलांबद्दल फार आदरानं बोलतात. कुणाच्या घरात किती माणसं निजतात हे फौजदाराला ठाऊक नसतं, पाटलाला असतं. किल्लारीच्या भूकंपाच्या वेळी याचा अर्थ त्यांना कळला.

30 सप्टेंबर 1993. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी. सगळा मराठवाडा विसर्जनाच्या बंदोबस्तात. मामांच्या ठाण्याच्या गावातली मिरवणूक रात्री उशिरा संपली. जेवणाचे डबे कधीचे आलेले, ते त्यानंतर उघडले. दहाबारा जण ठाण्याच्या व्हरांड्यातच गणवेशावर आडवे झाले, फक्त पट्टा आणि बूट काढून. मामा सेटवर. नियंत्रण कक्षानं एकेका ठाण्याला हाक मारली, एकेकानं "हद्दीत शांतता" म्हणून सांगितलं. वर्षातला सगळ्यात कठीण दिवस पार पडला, या समाधानात सगळे.

पहाटे 3 वाजून 56 मिनिटांनी जमीन हलली.

मामा सांगतात, आधी आवाज आला, मग हादरा. तसा आवाज त्या भागाला अगदीच नवा नव्हता. आदल्या वर्षी, 1992 च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात, किल्लारीच्या आसपास धक्क्यांची रांग लागली होती. लोक कित्येक रात्री घराबाहेर निजले होते. अर्ज गेले, अधिकारी येऊन गेले, मग धक्के कमी झाले, थंडी वाढली आणि लोक पुन्हा घरात गेले. म्हणून या पहाटे ठाण्याच्या पटांगणात जमलेल्या मंडळींत पहिली दोन मिनिटं "पुन्हा आलाय वाटतं" असंच बोलणं चाललं होतं. साहेब, म्हणजे पीआय, अर्ध्या तासापूर्वी क्वार्टरवर गेलेले, ते बनियनवर पळत आले. "त्या रात्री साहेबाला उठवायचं का हा प्रश्नच न्हवता," मामा म्हणतात. "साहेबाला जमिनीनंच उठवलं."

कुणीही आत जायचं नाही, असा साहेबांचा हुकूम. भिंतीला हात जाईल एवढी भेग. पण सेट आत. मामांनी खिडकीच्या गजांतून हात घालून मायक्रोफोन ओढून घेतला. त्याची वेटोळ्याची वायर ताणली की खिडकीबाहेर हातभर येत होती. तेवढ्या वायरीवर, भिंतीला चिकटून, ते पुढचे दोन तास बोलत उभे राहिले. ज्या भिंतीपासून लांब राहायला सांगितलं होतं, त्याच भिंतीला चिकटून.

नियंत्रण कक्षाची पुन्हा फेरी झाली. सगळ्या ठाण्यांनी परिस्थिती कळवा. आणि पुन्हा एकेक उत्तर: धक्का जाणवला, हद्दीत शांतता. धक्का जाणवला, किरकोळ पडझड. मामांच्या अंगावर काटा आला तो इथं, असं ते सांगतात, कारण एक दूरक्षेत्र बोललंच नाही. बोलत होते ते सगळे शाबूत होते. जिथं काही उरलं नव्हतं तिथून निरोप येणार कसा? वरच्या माणसाला तरी दहा जणांचं "शांतता" ऐकून दिलासा वाटतो, गप्प असलेला अकरावा त्यात बुडून जातो. मामांनी सेटवर तसं सांगितलं. कक्षातून उत्तर आलं, बॅटरी उतरली असेल. व्हॅसलीन न लावणारे होतेच की.

उजाडायच्या आत एक माणूस मोटारसायकलवरून आला. डोक्यापासून पायापर्यंत पांढऱ्या मातीनं माखलेला, एका पायात चप्पल. रडत नव्हता. ठाणे अंमलदारानं कागद पुढं ओढून सवयीनं विचारलं, काय झालं, कुठं झालं, किती मयत? तो माणूस म्हणाला, "साहेब, गाव दिसंना." अंमलदारानं पुन्हा विचारलं, किती घरं पडली? "घरं न्हाई. गाव दिसंना झालंय."

आता यावर काय लिहिणार? अंमलदारानं लिहिलं, "मोठ्या प्रमाणावर घरांची पडझड". खात्याची भाषा आहे ती. तिच्यात "गाव दिसंना" बसत नाही. शिवाय ते गाव हद्दीत नव्हतं. तेरणा नदीच्या पलीकडचं, लातूर जिल्ह्यातलं. किल्लारी, तळणी, मंगरूळ, लिंबाळा लातूरमध्ये आणि सास्तूर, होळी, राजेगाव, पेठसांगवी उस्मानाबादेत. लातूर जिल्हा 1982 साली वेगळा झाला तेव्हा कागदावर ओढलेली रेघ या गावांच्या मधून गेलेली. भूकंपाला ती रेघ माहीत नव्हती. पोलिसांना फार माहीत होती. हद्दीबाहेरच्या घटनेचा निरोप कुणी द्यायचा, ज्याच्या हद्दीत घडली त्यानं. त्याचा सेट बंद असेल तर? याचं उत्तर नियमात नव्हतं.

मामांनी साहेबांना विचारलं, क्रॅश पाठवू का? वायरलेसच्या भाषेत क्रॅश म्हणजे सगळ्यांत वरची निकड. तो निरोप आला की बाकीच्यांनी बोलणं थांबवायचं, मधे कुणी ठेवून घ्यायचा नाही. दंगल, मोठा अपघात, व्हीआयपीला धोका, अशाच वेळी वापरायचा. उगाच वापरला तर खुलासा द्यावा लागतो. साहेब क्षणभर थांबले आणि म्हणाले, पाठव.

इथं मामांनी जे केलं त्याबद्दल मला त्यांचं सगळ्यात जास्त कौतुक वाटतं. नियंत्रण कक्ष आकडा मागत होता. किती मयत, अंदाजे सांगा. मामांनी आकडा दिला नाही. त्यांनी मागणी दिली. जेवढ्या गाड्या आहेत तेवढ्या, उजेडासाठी दिवे, दोर, फावडी, डॉक्टर, आणि माणसं. मृतांचा आकडा पहिल्या तासात कधीच खरा नसतो, हे त्यांना तोपर्यंतच्या नोकरीत कळलं होतं. लहान आकडा वर गेला की मदत लहान निघते आणि मग ती वाढवायला अर्धा दिवस जातो. मोठा सांगून खोटा ठरला तर अफवा पसरवली म्हणून धरतात. "आकडा इचारू नगा, काय पायजे ते इचारा," हे त्यांचं वाक्य आमच्या घरात लग्नाच्या याद्या करतानासुद्धा वापरलं जातं.

अशाच कितीतरी तोंडांनी ती बातमी त्या पहाटे वर चढत होती. लातूरचे कलेक्टर प्रवीणसिंह परदेशी कामाला लागले. मुंबईत मुख्यमंत्री शरद पवार विसर्जन सगळीकडे सुरळीत पार पडल्याची खात्री होईपर्यंत जागे होते. खिडक्या हलल्या तेव्हा त्यांनी कोयनेला विचारणा केली, तिथल्या भूकंपमापन केंद्राकडून किल्लारीचं नाव कळलं आणि ते सकाळीच तिकडं येऊन पोचले, हे त्यांनी अनेकदा सांगितलं आहे. म्हणजे यंत्राकडून बातमी वेगळ्याच वाटेनं गेली, शिडीचा एकेक पाय न चढता. आणि विसर्जनाचा बंदोबस्त होता म्हणून पोलीस गणवेशात होते, गाड्या रस्त्यावर होत्या. फक्त माणसं चोवीस तासांची जागी होती, हे कुणी मोजलं नाही.

बातमी ज्या नावानं वर जाते, मदत त्याच नावाच्या पाटीकडे धावते. नाव किल्लारीचं गेलं. पहिल्या दिवशी सगळे किल्लारीला निघाले: मंत्री, पत्रकार, ट्रक, डॉक्टर. सास्तूरकडची माणसं वाट बघत होती. पुढं पन्नासच्या वर गावं उद्ध्वस्त झाल्याचं सगळ्यांना कळलं, मृतांचे आकडे वेगवेगळ्या कागदांत आठ हजारांपासून दहा हजारांपर्यंत नोंदले गेले, पण पहिल्या बारा तासांत नकाशावर एकच टिंब होतं.

मामांना दुपारी सेटवरून उठवून एका फाट्यावर उभं केलं. सोबत दोन होमगार्ड आणि एक शिट्टी. भूकंपातलं पोलिसांचं काम म्हणजे ढिगारे उपसणं, अशी माझी समजूत होती. मामा म्हणाले, ढिगारे लोकांनी उपसले, पुढं लष्करानं उपसले. आम्ही रस्ता उपसत होतो. कारण सोलापूर, लातूर, गुलबर्गा, कुठून कुठून लोक बघायला निघाले होते. जीपा, टेम्पो, स्कूटरवर नवरा-बायको आणि मधे पोरगं. चांगल्या मनानं निघालेलेही त्यात होतेच. भाकऱ्यांचे ट्रक, जुन्या कपड्यांचे ट्रक. ते कपडे पुढं रस्त्याच्या कडेला ढीग लागून पावसात कुजले. एकेरी रस्ता, दोन्ही बाजूंनी गाड्या, मधे अडकलेली रुग्णवाहिका. मामांनी पहिल्यांदा विनंती केली, मग शिट्टी, मग काठी जमिनीवर, मग काठी टपावर. शेवटी एका भाकऱ्यांच्या ट्रकच्या ड्रायव्हरला समजावून त्यांनी तो ट्रकच रस्त्यात आडवा घालायला लावला आणि फक्त रुग्णवाहिका आणि लष्कराच्या गाड्या आल्या की बाजूला घ्यायला सांगितला. त्याला वरून हुकूम नव्हता. वर विचारायला सेट नव्हता.

राज्य राखीव दल आलं, लष्कर आलं, नाकाबंदीची कडी बसली, बघ्यांना लांबच अडवू लागले. लष्कर आलं की पोलिसांचं काम संपत नाही. लष्कर बोलावतो कलेक्टर, ते काम करतं मुलकी अधिकाऱ्यांच्या मदतीला म्हणून, आणि त्यांना गल्ली दाखवायला, कुणाचं घर कुठं होतं हे सांगायला कुणीतरी लागतं. तिथं पोलीस पाटील लागले. त्या भागातली घरं मातीत रचलेल्या जाड दगडी भिंतींची, वर लाकडी माळवद आणि त्यावर मातीचे थर. भिंती कोसळल्या तशी छतं सरळ खाली बसली. ढिगाऱ्यावरून घर ओळखू येत नव्हतं. एका गावात पाटील स्वतः ढिगाऱ्याखाली होता, त्याचा म्हातारा भाऊ वाचला होता, तो काठीनं दाखवत चालला: इथं पाच, इथं तीन, हे घर बंद होतं, हे लोक पुण्याला गेलेत. मामा त्याच्या मागं वहीत लिहीत. काही घरांपुढं म्हातारा बोटं मोजत थांबे. नावं आठवेनात. सांगणारंच कुणी मागं उरलं नव्हतं.

अंत्यविधीला लाकूड नव्हतं. घरांच्याच तुळया, दारं, खांब वापरले. एरवी प्रत्येक आकस्मिक मृत्यूचा पंचनामा करणारे पोलीस तिथं नावांची यादी होते तेवढंच पुरेसं मानून पुढं सरकत होते. मंगरूळला पाचव्या दिवशी लष्कराच्या माणसांनी ढिगाऱ्याखालून एक लहान मुलगी जिवंत काढली, तेव्हा मामा तिथं नव्हते, दुसऱ्या फाट्यावर होते. पण ही बातमी त्यांच्याही सेटवर आली. ती क्रॅश नव्हती, तरी सगळे गप्प बसून ऐकत होते.

माझी आत्या नारायण पेठेतली. तिची गोष्ट 12 जुलै 1961 ची, आणि ती मामांच्या गोष्टीच्या नेमकी उलट आहे. पानशेतचं धरण पुरतं बांधून झालेलं नव्हतं आणि त्यात पहिल्याच पावसाळ्यात पाणी साठलं होतं. बांध खचतोय हे आदल्या दिवशीच तिथल्या माणसांना दिसत होतं. लष्कराच्या जवानांनी रात्रभर वाळूची पोती रचून तो धरून ठेवला. सकाळी सातच्या सुमाराला बांध गेला. त्या जवानांनी रात्र काढून दिली म्हणून पुण्यात पाणी शिरलं तेव्हा उजेड होता आणि लोक जागे होते. नाहीतर मृतांची संख्या काय झाली असती याची कल्पना करवत नाही. पण त्याच रात्री, पन्नासएक किलोमीटरच्या आत, एक अख्खं शहर झोपलं होतं, आणि त्याला कुणी उठवलं नाही.

आत्या म्हणते, सकाळी एक पोलीस शिट्टी वाजवत गल्लीत आला, नदीकाठ सोडा म्हणाला. कुणी हललं नाही. मुठेला दर पावसाळ्यात पाणी यायचं, लोक लकडी पुलावर जाऊन ते बघत. त्या दिवशीही काही जण उलटे पाणी बघायला निघाले. त्या पोलिसाला तरी काय सांगून पाठवलं होतं कोण जाणे. पूर येतोय म्हणाला, धरण गेलंय म्हणाला नाही. दोन्हींत फरक होता. त्यानं धरण म्हटलं असतं, तर आजोबांनी निदान देव्हारा वरच्या मजल्यावर नेला असता. पाणी पेठांत शिरलं, पूल बुडाले. पुढं खडकवासल्याचं 1879 सालचं जुनं धरणही गेलं आणि शहराच्या नळांचं पाणी गेलं. चौकशी आयोग बसला, पहिले अध्यक्ष न्यायमूर्ती बावडेकर यांचं काम अर्ध्यावर असतानाच निधन झालं, न्यायमूर्ती नाईक यांनी ते पुरं केलं. पुण्याला तेव्हा पोलीस आयुक्तालय नव्हतं, ते 1965 साली आलं. शहराला आदल्या रात्री इशारा का दिला नाही, हा प्रश्न पुणेकर अजून विचारतात. आत्या तर दर 12 जुलैला विचारते.

माझा आपला अंदाज असा, की रात्री कुठंतरी कुणीतरी "सकाळी बघू" म्हणालं असेल. घबराट पसरेल, ही भीती मोठी सोयीची असते. लोक घाबरतील म्हणून सांगायचं नाही, आणि मग लोक मरतात. घाबरलेली माणसं पळतात, आणि पुरात पळणं हेच तर करायचं असतं.

कोयनेच्या भूकंपाला, 11 डिसेंबर 1967 च्या पहाटे, निरोप कसा गेला हे मामांना त्यांच्या जुन्या जमादारानं सांगितलं होतं. वीजघर थांबलं आणि मुंबईपर्यंत अंधार झाला. कोयनानगर कुठं आहे हे ज्यांना ठाऊक नव्हतं त्यांनाही काहीतरी झाल्याचं त्यावरून कळलं. जमादार म्हणायचा, मुंबईचे दिवे गेले की कुणाला उठवायचं हे विचारावं लागत नाही.

मुंबईची तऱ्हाच वेगळी. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला चोवीस तासांत 944 मिलिमीटर पाऊस झाला आणि कुलाब्याला 73 च्या आसपास. मंत्रालय दक्षिणेला, पोलीस आयुक्तालय क्रॉफर्ड मार्केटला. ज्या खिडक्यांतून निर्णय व्हायचे त्या खिडक्यांबाहेर बेताचा पाऊस. कुर्ला, कलिना, वाकोल्यात माणसं गळ्यापर्यंत पाण्यात. ही गोष्ट मामांना सांगितली तेव्हा ते खूश झाले. त्यांचं दूरक्षेत्र गप्प होतं तसंच हे, म्हणाले; फक्त इथं गप्प बसायला अर्धं शहर होतं.

26 नोव्हेंबर 2008 ची, मुंबईवरच्या दहशतवादी हल्ल्याची रात्र त्यांनी टीव्हीवर बघितली, आणि त्यातली एकच गोष्ट ते पुन्हा पुन्हा सांगतात. नरिमन पॉइंटकडून पळवलेल्या स्कोडा गाडीचा निरोप नियंत्रण कक्षातून वायरलेसवर गेला, डी. बी. मार्ग पोलिसांनी गिरगाव चौपाटीवर नाकाबंदी केली, गाडी तिथं अडली, आणि तुकाराम ओंबळे या सहायक फौजदारांनी हातात फक्त काठी असताना हल्लेखोर कसाबला धरलं, स्वतः गोळ्या खाल्ल्या. त्या रात्री वरून खाली आलेला एक निरोप वेळेवर पोचला. बाकी बरंच काही पोचलं नाही. पुढं नेमलेल्या प्रधान समितीनं अशा प्रसंगासाठी ठरवून ठेवलेली कार्यपद्धती पाळली गेली नाही, असा ठपका ठेवला. राष्ट्रीय सुरक्षा दलाचे जवान मुंबईत पोचले ते दुसऱ्या दिवशी सकाळी. तोपर्यंत जे उभे होते ते ठाण्यांतले पोलीस, हातातल्या काठ्या आणि जुन्या रायफली घेऊन. मदत मागितली की ती येईपर्यंतचा वेळ कुणीतरी अंगावर घ्यायचा असतो, हे कुठल्याही कार्यपद्धतीत लिहिता येत नाही.

माझा मामेभाऊही पोलिसात आहे. त्याच्या पिढीकडे सगळं आहे. आपत्ती व्यवस्थापन कायदा 2005 चा. जिल्हा प्राधिकरणाचा अध्यक्ष कलेक्टर, एसपी सदस्य, म्हणजे दोन्ही शिड्या निदान एका टेबलावर आल्या. राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाची तुकडी पुण्याजवळ आहे. राज्याचं स्वतःचं आपत्ती प्रतिसाद दल राखीव पोलिसांतून उभं राहिलं. घटना लहान असेल तर तालुका, वाढली तर जिल्हा, त्याहून वाढली तर राज्य, कुणी कुणाकडून सूत्रं घ्यायची याची मार्गदर्शिका 2010 साली निघाली. 112 फिरवलं की फोन नवी मुंबईला किंवा नागपूरला उचलला जातो आणि जवळच्या गाडीतल्या पडद्यावर ठिकाण उमटतं. भावानं मला तो पडदा दाखवला. किती मिनिटांत गाडी पोचली हे त्यावर लाल-हिरव्या रंगात दिसतं.

मामांनी चष्मा लावून तो बघितला आणि विचारलं, "आन् जिथनं फोनच येत न्हाई, ते कसं दिसतंय?" भाऊ म्हणाला, ते नाही दिसत. "मग व्हॅसलीन लावा," मामा म्हणाले आणि चहा मागवला.

राहिला तो खुलासा. किल्लारीनंतर चारेक महिन्यांनी वरच्या एका कार्यालयातून मामांना कागद आला. हद्दीबाहेरील घटनेबाबत, ठाणे प्रभारींच्या लेखी पूर्वपरवानगीशिवाय क्रॅश संदेश का पाठविला, याचा खुलासा सात दिवसांत सादर करावा. तो कागद मामांनी जपून ठेवलाय. त्यावर त्यांनी दिलेल्या उत्तराची कार्बन कॉपीही आहे. परवानगी मागितली होती, मिळाली होती; लेखी घेणेस टेबल आत होते व आत जाणेस प्रभारी अधिकाऱ्यांची मनाई होती, सबब तोंडी घेतली. खाली पीआय साहेबांनी लाल शाईनं एकच शब्द लिहून पुढं पाठवला होता: सहमत. त्यावर पुन्हा काही आलं नाही. त्या वर्षी मामांची बदली झाली, पण ती होणारच होती, तीन वर्षं भरली होती.